पटावरून कमी केलेली नावं

वाघबारस जवळ आली की डहाणू-तलासरीतल्या आश्रमशाळा रिकाम्या होऊ लागतात. भात कापणीला आलेलं असतं, पाड्यांवर रात्री तारपा वाजत असतो, आणि शाळेच्या फाटकाशी सकाळपासून आईबाप येऊन बसलेले असतात. अधीक्षक एक लांबट वही उघडतो. मुलाचं नाव, इयत्ता, नेणाऱ्याचं नाव, नातं, तारीख, सही किंवा अंगठा. शेवटचा रकाना परत आल्याच्या तारखेचा. तो त्या दिवशी कोराच राहतो. दोन दिवसांत खोल्या ओस पडतात, कामाठी मोठी पातेली पालथी घालून ठेवतो, आणि माझं काम सुरू होतं.

मी अभिलेखपाल. सरकारी दप्तरखान्यात नोकरी झाली, आणि गेली काही वर्षं, निवृत्तीच्या आधीपासूनच, मी ह्या दोन तालुक्यांतल्या आश्रमशाळांची जुनी दप्तरं पाहत, झटकत, त्यांच्या नकला करत फिरतो आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचं कार्यालय मोकळं असतं, एखादे मुख्याध्यापक किल्ली देऊन जातात, आणि भाताच्या पोत्यांशेजारच्या खोलीत बसून काम करता येतं. ‘ह्या कागदांत आहे काय?’ असं मला ज्यांनी विचारलं त्यात शिक्षक अधिक, पाड्यावरचे लोक कमी. त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं म्हणून हा लेख.

शाळेच्या दप्तरातलं सगळ्यांत मानाचं पुस्तक म्हणजे जनरल रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. ह्यात प्रत्येक मुलाला एक क्रमांक, एक ओळ. नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक, सोडण्याचं कारण, शेरा. सलग पानं उलटली की पहिली गोष्ट दिसते ती ही, की ह्या भागातली निम्मी प्रजा १ जूनला जन्मली असावी. शाळा जूनमध्ये उघडते, वय मोजायचं ते तेव्हापासून. आईबापांना साल सांगता येत नाही, ते ‘भाताच्या लावणीत झाला’ असं सांगतात. गुरुजी तोंडाकडे बघून साल ठरवतात आणि १ जून लिहून मोकळे होतात. महाराष्ट्रभर असे लाखो लोक आहेत. हे हसण्यावारी नेतात, पण त्या तारखेवर माणूस नोकरीतून निवृत्त होतो.

नावांचंही तसंच. वारल्यांमध्ये वारावरून नाव ठेवायची रीत होती: सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुकऱ्या. रजिस्टरात ह्यांतले काही तसेच उतरले आहेत, काहींचे सोमनाथ आणि मंगेश झाले आहेत. कुणी केले, हे कळायला मार्ग नाही. शाई एकच, अक्षर एकच. पाड्यावर जाऊन ‘मंगेश कुठे राहतो’ विचारलं की कुणाला कळत नाही.

आणि तरीही हे रजिस्टर टिकलं आहे, कारण ते लोकांना लागतं. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशानं ६ सप्टेंबर १९५० रोजी लागू झाली. त्याआधीच्या शाळेच्या नोंदीत आजोबांपुढे ‘वारली’, ‘कोकणा’ किंवा ‘धोडी’ असं लिहिलेलं असेल, तर नातवाच्या जात पडताळणीत तो मोठा पुरावा ठरतो. त्यामुळे एरवी शाळेची पायरी न चढलेला माणूसही जुन्या शाळेत जाऊन उतारा मागतो. नियमानंही हे रजिस्टर कायम जपायचं असतं. आगीतून, पुरातून, इमारत पाडताना गुरुजींनी ते आधी बाहेर काढलं आहे, ह्याच्या हकिकती मी ऐकल्या आहेत आणि त्या खऱ्या असाव्यात.

माझी तक्रार उरलेल्या वह्यांबद्दल आहे. सरकारी कागदांची अ, ब, क, ड अशी प्रतवारी असते. अ म्हणजे कायम, ब तीस वर्षं, आणि खाली खाली येत ड म्हणजे वर्षभरात नष्ट करण्याजोगा. ही पद्धत चुकीची नाही. सगळंच ठेवायचं म्हटलं तर मुलांना झोपायला जागा उरणार नाही. पण वसतिगृह चालतं ते ज्या वह्यांवर, म्हणजे रोजची भोजनाची नोंद, आजारी मुलांची नोंद, सुट्टीवर नेल्या-आणल्याची वही, साबण-तेल-चादरी वाटल्याची वही, त्या सगळ्या खालच्या प्रतीत पडतात. लेखापरीक्षण झालं की त्यांचं काम संपतं. मग त्या एखाद्या कोपऱ्यात वाळवीची वाट पाहतात, नाहीतर कार्यालय स्वच्छतेच्या मोहिमेत रद्दीच्या टेम्पोत चढतात.

निवासी शाळेत मूल चोवीस तास असतं. त्याच्या वर्गातल्या पाच-सहा तासांची नोंद कायम, आणि उरलेल्या अठरा तासांची नोंद तात्पुरती. आश्रमशाळेचा इतिहास मात्र ह्या अठरा तासांतच आहे.

ह्या शाळा इथे का आल्या, हे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. ठाणे जिल्ह्याच्या ह्या भागात १९३०च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन ह्या अधिकाऱ्यानं मुंबई सरकारसाठी आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत राहतात, ती लग्नगड्याची पद्धत त्याच्या अहवालामुळे सरकारी कागदावर आली. अशा घरातलं मूल सहा-सात वर्षांचं झालं की मालकाच्या गुरांमागे जाई. १९४० साली बाळासाहेब खेर ह्यांच्या पुढाकारानं आदिवासी सेवा मंडळ निघालं, बोर्डीचे आचार्य भिसे त्यात होते. मुलाला त्या घरातून, म्हणजे खरं तर त्या मालकाच्या गोठ्यातून, उचलून आश्रमात आणलं तरच ते शिकेल, असा ह्या मंडळींचा हिशेब. गुजरातेत दाहोदला ठक्करबाप्पांनी १९२२ पासून भिल्लांत हेच चालवलं होतं. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली, तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, पण वेठबिगार मोडली. गुरांमागची मुलं मात्र गुरांमागेच राहिली.

ह्याच तालुक्यात ह्याच्या नेमकी उलटी कल्पनाही जन्मली, हे मला नेहमी विशेष वाटतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं, पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी ते वाढवलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं, ही त्यांची अंगणवाडी. ते गुरं चारायला गेलं असेल तर गुरुजींनी कुरणात जावं, ही कुरणशाळा. मूल घरीच राहतं, भाषा घरची राहते. पुढे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला, कुरणशाळा कोसबाडच्या आसपासच राहिली. सरकारनं मोठ्या मुलांसाठी आश्रमशाळेचा मार्ग धरला: १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळा पद्धतशीर सुरू झाल्या आणि आज राज्यात त्या पाचशेच्या आसपास आहेत, संस्थांच्या अनुदानित शाळा त्याहून काही जास्त. तलासरीसारख्या लहान गावात तर मिशनऱ्यांचं ज्ञानमाता सदन, वनवासी कल्याण केंद्राचं वसतिगृह आणि कम्युनिस्टांचं आदिवासी प्रगती मंडळ, असे तीन झेंड्यांचे तीन संसार उभे राहिले. आपसांत त्यांचं पटलं नाही, पण मुलाला वसतिगृहात आणलं पाहिजे ह्यावर तिघांचं एकमत होतं.

ह्या सगळ्यांचे कागद कुठे आहेत? विखुरलेले आहेत, आणि त्याला कारण भूगोल. तलासरी १९६० पर्यंत उंबरगाव तालुक्यात होतं. राज्यांची वाटणी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं, आज ते वलसाड जिल्ह्यात आहे. तलासरीच्या जुन्या शाळांबद्दल काही शोधायचं तर उंबरगावच्या नावाखाली शोधावं लागतं. स्वतंत्र आदिवासी विकास विभाग १९८३ चा; त्याआधीच्या नस्त्या समाजकल्याणाच्या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. त्याआधीचं सारं ठाण्याचं. दर वाटणीत दप्तर गाड्यांतून हलतं आणि दर वेळी काही गठ्ठे उतरवून घेणाऱ्याच्या यादीत नसतात. मुंबईतल्या पुराभिलेख संचालनालयात धोरणाचे, मंजुरीचे, अनुदानाचे कागद मिळतात. मूल मिळत नाही. मूल शाळेतल्या वहीतच.

आता त्या वह्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तर काय होतं, ते एका उदाहरणानं सांगतो. शाळेचं नाव सांगत नाही, साल सांगत नाही, मुलीचं तर नाहीच.

जनरल रजिस्टरात तिची ओळ अशी: इयत्ता तिसरी, जानेवारीत नाव कमी, कारण ‘सतत गैरहजर’. अशा ओळी शेकड्यांनी असतात आणि त्यांचं ठरलेलं स्पष्टीकरण सगळ्यांच्या तोंडी असतं: दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरांना घेऊन जातात. बहुतेकदा ते खरंही असतं. मीही ती ओळ तशीच वाचून पुढे गेलो होतो. त्या शाळेत सुदैवानं बाकीच्या वह्या अजून फेकल्या नव्हत्या. आजारी मुलांच्या वहीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही मुलगी चार वेळा भेटली. चारही वेळा ‘ताप’, चारही वेळा ‘गोळी दिली’. भोजनाच्या वहीत मुलांची नावं नसतात, आकडे असतात. पण त्याच दिवसांत मुलींच्या आकड्याखाली एक बारीक टीप आहे, ‘आजारी – पेज’. मग ती लांबट वही: दिवाळीच्या सुट्टीसाठी वडील घेऊन गेले, अंगठा. परत आल्याचा रकाना कोरा.

तिच्या पाड्यावर मी गेलो तो दुसऱ्याच कामासाठी, एका गटाच्या फोटोतली माणसं ओळखून घ्यायला. तिथे तिचा धाकटा भाऊ भेटला, आता त्याचीच मुलं शाळेत आहेत. बहीण दिवाळीला घरी आली ती तापातच आली, आणि मार्गशीर्षात गेली, असं त्यानं सांगितलं. शाळेला कुणी कळवलं नाही, शाळेनं कुणाला विचारलं नाही. जानेवारीत पट तपासला तेव्हा नियमाप्रमाणे नाव कमी झालं.

ह्यात कुणाला दोषी धरावं असा माझा हेतू नाही. त्या अधीक्षकाकडे त्या काळी किती मुलं होती ते त्याच वहीत दिसतं. माझा मुद्दा दप्तराचा आहे. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न महाराष्ट्रात वारंवार येतो. २०१६ साली राज्यपालांच्या सूचनेवरून डॉ. सुभाष साळुंखे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. मोजणी होते ती साहजिकच नोंदीवरून. शाळेत किंवा शाळेतून दवाखान्यात नेल्यावर मूल दगावलं तर नोंद होते. घरी जाऊन दगावलेलं मूल ‘गैरहजर’ असतं. अशी किती, हे एका उदाहरणावरून सांगता येणार नाही, मी सांगतही नाही. पण ते कधी काळी मोजायचं झालं तर आजारी वही आणि सुट्टीची वही लागेल, आणि नेमक्या त्याच आपण जाळतो.

कॅनडात हा हिशेब एका माणसानं शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. तिथे सरकार आणि चर्च मिळून मूळनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवत. १९०७ साली डॉ. पीटर ब्राइस ह्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं पश्चिमेकडच्या काही शाळांची पाहणी केली, आणि हजर मुलांवर न थांबता शाळा सोडून गेलेल्यांचं काय झालं हेही विचारलं. ज्या १,५३७ मुलांची माहिती हाती आली त्यांतली जवळजवळ पाव मुलं मेलेली होती. एका शाळेनं नीट नोंद ठेवली होती, तिथे सोडून गेलेल्यांतली ६९ टक्के. क्षयाची मुलं मरणाआधी घरी पाठवली जात. ब्राइसचं कुणी ऐकलं नाही; १९२२ साली त्यानं स्वतःच पुस्तिका छापली, तीही विसरली गेली. २००८ ते २०१५ ह्या काळात तिथे सत्य आणि समेट आयोग बसला, वाचलेल्या हजारो माणसांच्या साक्षी झाल्या, आणि विनिपेगच्या विद्यापीठात त्यांच्यासाठी वेगळं राष्ट्रीय केंद्र उघडलं. न परतलेल्या मुलांच्या स्मरणयादीत तिथे चार हजारांहून अधिक नावं जमली आहेत, बरीचशी शाळांच्या जुन्या वह्या पडताळून.

दोन्हीकडचं एकच, असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत. ते मला पटत नाहीत. तिथे कायद्यानं मुलं ओढून नेली, मुलांची भाषा मारायची हेच धोरण होतं. इथे बाप स्वतः मुलाला खांद्यावर घेऊन सहा मैल चालत आला आहे, कारण शाळेत दोन वेळा जेवण होतं. ह्याच शाळांतून शिक्षक, परिचारिका, सरपंच, आमदार झाले. पण वारलीत बोललं की छडी बसायची हे साठीतले लोक हसत हसत सांगतात, आणि त्या हसण्याचं काय करायचं ते मला कळत नाही. सारखेपणा हेतूत नाही, वहीच्या रकान्यांत आहे.

कॅनडाकडून मी घेतलं ते दुसरंच. तिथे अत्याचाराच्या भरपाईसाठी अडतीस हजारांच्या आसपास लोकांनी खाजगीत जबान्या दिल्या होत्या. त्या इतिहासासाठी जपाव्यात असं सरकारचं म्हणणं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की जबानी देणाऱ्याची आहे; तो म्हणेल तर जपा, नाहीतर मुदत संपली की नष्ट करा. ती मुदत २०२७ मध्ये संपते. आयुष्यभर कागद वाचवणाऱ्या माणसाला हा निकाल आधी झोंबला, मग पटला. कुणाच्या मुलीला रात्री काय झालं ते माझ्या कपाटाची शोभा नव्हे. तेव्हापासून मी आजारी वह्यांच्या नकला वेगळ्या बांधतो, त्यांची सूची नावांनी करत नाही, आणि त्या कुटुंबाशिवाय कुणाला दाखवत नाही.

कामाची रीत अगदी साधी आहे. मूळ वही शाळेबाहेर न्यायची नाही. मऊ कुंचल्यानं धूळ आणि कसर झटकायची, पान उन्हात नाही, सावलीत उघडं ठेवायचं. डहाणूच्या खाऱ्या दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात, ती ओढून सोडवायची नाहीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, आणि हे मी प्रत्येक शाळेत हात जोडून सांगतो की प्लास्टिकचं आवरण तर मुळीच चढवायचं नाही. उतारे द्यायला सोयीचं म्हणून बऱ्याच ठिकाणी ते चढवलं आहे, आणि आत शाई पसरते आहे. मग पानागणिक छायाचित्र: पुठ्ठ्यापासून, कोऱ्या पानांसकट, क्रमानं. कोरं पान सोडलं तर पुढच्या माणसाला ते कोरं होतं की हरवलं हे कळत नाही. शेवटी कापडी बस्त्यात बांधून जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून दूर. वेखंडाचे तुकडे जुने लोक ठेवत, मीही ठेवतो.

फोटोंचं काम वेगळं आणि अधिक आनंदाचं. प्रत्येक शाळेत एखादा जुना गटाचा फोटो असतो: ध्वजस्तंभाखाली पाहुणे, मुख्याध्यापक, आणि मागे पाच रांगा मुलं. खाली पाहुण्यांची नावं क्रमानं, आणि पुढे ‘विद्यार्थी’. मोठी प्रत काढून मी ती आठवडे बाजाराच्या दिवशी घेऊन बसतो. कॅनडातल्या शिंगवॉक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी असंच जमून जुन्या फोटोंतल्या चेहऱ्यांना नावं दिली, तिथून ही कल्पना उचलली. बायका चेहऱ्यावर बोट ठेवतात, भांडतात, ही ती नव्हे म्हणतात. हाक मारायची नावं सांगतात, रजिस्टरातली नव्हेत; मी दोन्ही लिहितो. एका आजीनं स्वतःला ओळखलंच नाही, मैत्रिणीनं दाखवलं तेव्हा ती बराच वेळ फ्रॉककडे बघत राहिली. फ्रॉक शाळेचा होता, जाताना परत द्यावा लागला होता, एवढंच म्हणाली.

पुढच्या काळात तर ह्या वह्याही नसतील. साबण-तेलासारख्या काही वस्तूंऐवजी मुलांच्या खात्यात पैसे जाऊ लागले, डहाणू प्रकल्पातल्या कित्येक शाळांचं जेवण कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडीनं येऊ लागलं होतं, हजेरी संगणकावर लागते. ह्यात गैर काही नाही. फक्त ‘आजारी – पेज’ अशी टीप लिहायला आता समासच नाही.

त्या भावाचं सांगायचं राहिलं. मी त्याला नकलेतलं बहिणीचं पान दाखवलं. त्यानं नाव वाचलं, मग शेरा वाचला, आणि ‘सतत गैरहजर म्हणजे काय लिहिलंय, सर?’ असं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, ‘ती गैरहजर नव्हती. ते बदला.’ जनरल रजिस्टरात असं कुणाला काही बदलता येत नाही, मला तर नाहीच. नकलेच्या त्या पानाला मात्र मी एक चिठ्ठी जोडली आहे. तिच्यावर मुलीचं घरचं नाव आहे, महिना आहे, आणि माहिती देणारा सख्खा भाऊ असं लिहून खाली त्याची सही घेतली आहे. एक प्रत त्याच्याकडे आहे, एक मी मुख्याध्यापकांना दिली. त्यांनी ती वाचून रजिस्टराच्या आतल्या पुठ्ठ्याला टाचणीनं लावली. मी टाचणी काढून दोरा ओवला, कारण टाचणी गंजते.